जन्मतः बाळाचा एक हात हलत नाही: नागपुरातल्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलांच्या फिजिओथेरपीत काम करताना हे प्रश्न मला रोज ऐकू येतात. विचारणारे शहरातले असतात, तसेच भंडारा, गोंदिया, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाटकडून पहाटेची गाडी पकडून आलेलेही असतात. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना सगळं नीट सांगायला वेळ मिळत नाही आणि घाबरलेल्या आईबाबांच्या ऐकलेलं लक्षातही राहत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे. हे वाचून घरच्या घरी उपचार ठरवू नका. डॉक्टरांना काय विचारायचं आणि कोणती तारीख चुकवायची नाही, एवढं यातून घ्या.

बाळाच्या हाताला नेमकं झालंय काय?

मानेच्या मणक्यांमधून दोन्ही बाजूंना पाच-पाच मोठ्या नसा निघतात. गळपट्टीच्या हाडामागे त्या एकमेकींत मिसळतात आणि पुढे खांदा, दंड, कोपर, मनगट, बोटं अशा पसरत जातात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. बाळंत होताना डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला, तर मान आणि खांदा यांच्यात ताण पडतो आणि नसा ओढल्या जातात. हात लुळा पडतो तो यामुळे. हातात किंवा स्नायूत मुळात दोष नसतो, स्नायूपर्यंत निरोप पोचत नाही.

ओढल्या जाण्याचे प्रकार मात्र वेगवेगळे असतात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. नस नुसती ताणली गेली असेल तर काही आठवड्यांत हात हलू लागतो. आतले धागे तुटले पण वरचं आवरण शाबूत राहिलं, तर नस पुन्हा वाढते, पण हळू, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. नस पूर्ण तुटली असेल किंवा तुटलेल्या जागी गाठ झाली असेल, तर आपोआप भरून येण्याला मर्यादा पडते. सगळ्यात वाईट म्हणजे नस पाठीच्या मज्जारज्जूपासून उपटली जाणं. ती परत जोडली जात नाही. एकाच बाळात एक नस ताणलेली, दुसरी तुटलेली आणि तिसरी उपटलेली असं मिश्रणही असतं.

वरच्या दोन नसांना इजा झाली तर त्याला एर्ब्स पाल्सी म्हणतात, आणि हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. जर्मन डॉक्टर विल्हेल्म एर्ब यांनी १८७४ मध्ये त्याचं नेमकं वर्णन केलं होतं, त्यांच्याआधी १८७२ मध्ये फ्रान्सच्या द्युशेन यांनी. पाचही नसा गेल्या तर खांद्यापासून बोटांपर्यंत पूर्ण हात निर्जीव लटकतो. फक्त पंजा गेलेला आणि खांदा चांगला, असा प्रकार फार क्वचित आढळतो.

हा लकवा मेंदूचा आहे का? पुढे बाळ मंद होईल का?

नाही. इजा मानेजवळच्या नसांना झाली आहे, मेंदूला नाही. हा पोलिओही नाही. मोठ्या माणसाला जो पक्षाघात होतो त्याच्याशीही याचा संबंध नाही. बाळाची समज, बोलणं, हसणं, ओळखणं या आजाराने अडत नाही. बाळंतपण फार अवघड झालं असेल, बाळ रडायला उशीर झाला असेल, तर मेंदूची तपासणी वेगळी केली जाते. पण तो प्रश्न वेगळा आहे. दोन्ही एकत्र करून आयुष्यभराची धास्ती घेऊ नका.

असं का झालं? डॉक्टरांची चूक होती का?

सरासरी धरली तर हजार बाळंतपणांमागे एक-दोन बाळांत ही इजा दिसते. बाळ ४ किलोच्या वर असणं, आईला गरोदरपणातली साखर असणं, कळा लांबणं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागणं, बाळ पायाळू असणं, आधीच्या बाळंतपणात खांदा अडकलेला असणं, या गोष्टींनी धोका वाढतो. तरीही कित्येक बाळांत यातलं एकही कारण सापडत नाही. सिझर झालेल्या बाळातही ही इजा होऊ शकते, पण फार कमी.

खांदा अडकणं ही आणीबाणी असते. त्या क्षणी बाळाचा प्राणवायू तुटत असतो आणि हाताशी मोजकीच मिनिटं असतात. आईच्या मांड्या पोटाकडे दुमडणं, ओटीपोटावर दाब देणं अशा ठरलेल्या युक्त्या त्या वेळी करतात. सगळं नियमानुसार करूनही नस ओढली जाऊ शकते. कधी हाताळणीत जास्त जोर लागतो, हेही खरं. काय घडलं ते तुम्हाला विचारायचं असेल तर जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. बाळंतपणाची कागदपत्रं आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत मागून घ्या. ती पुढच्या उपचारालाही लागतात. पण दोष कोणाचा हे ठरेपर्यंत बाळाचे उपचार थांबवू नका.

आणि एक आवर्जून सांगते. या ओपीडीत आई कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली असते आणि बाजूला कोणीतरी म्हणत असतं, "हिनं जोर नाही दिला." किंवा "गरोदरपणात लयच खाल्लं हिनं." हे साफ चुकीचं आहे. आईने जोर न दिल्यामुळे नस ओढली जात नाही.

घरी कसं ओळखायचं?

बहुतेक वेळा बाळ जन्मल्याच्या दिवशीच दिसतं. एर्ब्समध्ये हात अंगाला चिकटून राहतो, कोपर सरळ, हात आतल्या बाजूला वळलेला, तळवा मागे आणि मनगट दुमडलेलं. मागे हात करून गुपचूप बक्षिशी घेणाऱ्या माणसासारखा, असं डॉक्टर विद्यार्थ्यांना शिकवतात. बोटं मात्र हलतात. तळव्यात आपलं बोट ठेवलं तर बाळ ते धरतं. पकड आहे म्हणजे खालच्या नसा जाग्या आहेत, हे चांगलं लक्षण.

स्वयंपाकघरात भांडं पडलं, बाळ दचकलं आणि एकच हात वर गेला, दुसरा जागचा हलला नाही, हे आधी आजीच्या लक्षात येतं. ही दचकण्याची क्रिया डॉक्टरही मुद्दाम तपासतात. अंगावर झबलं आणि वर दुपटं असलं की हे झाकलं जातं. म्हणून बाळाला उघडं करून, अंगाखाली मऊ चादर घालून, जागं असताना दोन मिनिटं नुसतं पाहत बसा. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तारखेसह ठेवा. दर पंधरा दिवसांनी काढलेले असे व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतात. ओपीडीत बाळ नेमकं झोपलेलं असतं किंवा भुकेने रडत असतं.

दोन खुणा दिसल्या तर वाट न पाहता सांगा. त्याच बाजूची पापणी अर्धवट मिटलेली आणि डोळ्याची बाहुली लहान दिसत असेल, तर खालच्या नसा मुळापासून दुखावल्याची शक्यता असते. आणि बाळ धापा टाकत असेल, श्वास घेताना छाती एका बाजूने कमी उचलली जात असेल, तर श्वासपटलाच्या नसेलाही इजा झालेली असू शकते. त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हात न हलण्याचं दुसरं काही कारण असू शकतं का?

असू शकतं, म्हणूनच पहिली तपासणी डॉक्टरांनीच करायला हवी. गळपट्टीचं किंवा दंडाचं हाड मोडलं असेल तरी बाळ दुखतं म्हणून हात हलवत नाही. कधी हाड मोडलेलं आणि नसही ओढलेली, दोन्ही एकत्र असतं. एक्स-रेमध्ये ते कळतं. हात जन्मल्यावर चांगला हलत होता आणि काही दिवसांनी अचानक थांबला, ताप आहे, खांद्याला हात लावला की बाळ किंचाळतं, असं असेल तर सांध्यात पू झाल्याची शंका घ्यावी लागते. बाळंतपणातली इजा पहिल्या दिवसापासून असते, नंतर उगवत नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण सांध्यातला पू तासांच्या हिशेबात बिघडतो.

गावाकडे "हात उतरलाय" म्हणून हाड बसवणाऱ्याकडे नेण्याची पद्धत आहे. कृपा करून नेऊ नका. आधीच ओढलेल्या नसेला झटका बसला तर जे भरून आलं असतं तेही हातचं जाईल.

"आपोआप बरं होतं" असं सगळे सांगतात. थोडं थांबून पाहू का?

या पानावर काही एकच वाचणार असाल तर हे उत्तर वाचा.

बरीच बाळं आपोआप बरी होतात, हे खरं आहे. पहिल्या महिना-दीड महिन्यात कोपर वळू लागलं आणि खांदा उचलला जाऊ लागला तर हात जवळपास पूर्ण सुधारण्याची आशा धरता येते. पूर्वी पुस्तकांत दहापैकी नऊ बाळं पूर्ण बरी होतात असं असायचं. मुलांचा जास्त वर्षं पाठपुरावा झाला तेव्हा दिसलं की साधारण २० ते ३० टक्के मुलांत काहीतरी कमतरता मागे राहते. हात वर जात नाही, तळवा उताणा होत नाही, खांदा आत वळून घट्ट बसतो.

तेव्हा थांबणं आणि लक्ष ठेवून थांबणं यात फार अंतर आहे. पहिलं म्हणजे घरी बसणं. दुसरं म्हणजे जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तज्ज्ञांना दाखवणं, व्यायाम शिकून घेणं आणि दर महिन्याला तपासून नोंद ठेवणं.

तीन महिने ही यातली सर्वांत महत्त्वाची तारीख. फ्रान्सचे शल्यविशारद अलँ जिल्बेर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की तीन महिन्यांपर्यंत दंडाचा स्नायू जागा झाला नाही, म्हणजे बाळ स्वतःच्या ताकदीने कोपर वळवत नाही, तर खांदा पुढे चांगला सुधारण्याची शक्यता कमी होते आणि शस्त्रक्रियेचा विचार सुरू करावा लागतो. सगळे शल्यचिकित्सक अगदी याच तारखेला चिकटून राहत नाहीत. काही सहा महिन्यांपर्यंत पाहतात. टोरोंटोच्या बालरुग्णालयात नऊ महिन्यांना एक साधी चाचणी करतात. बाळाचा दंड अंगाशी धरून त्या हातात बिस्किट देतात आणि मान फारशी न वाकवता ते तोंडापर्यंत नेता येतं का ते पाहतात. पण पूर्ण हात लुळा आहे, पकड नाही, पापणीही उतरली आहे, अशा बाळासाठी तीन महिन्यांच्या पुढे वाट पाहा असं फारसं कोणी म्हणणार नाही.

यातली घाई समजून घ्या. नस मिलिमीटर-मिलिमीटरने वाढते आणि स्नायू तिची वाट अनिश्चित काळ पाहत नाही. साधारण वर्ष-दीड वर्ष निरोप आला नाही तर स्नायू सुकतो, त्यात चरबी भरते, आणि मग नस पोचली तरी उपयोग होत नाही. म्हणून नसेची शस्त्रक्रिया बहुधा तीन ते नऊ महिन्यांत केली जाते.

पोळ्याला जन्मलेल्या बाळाचे तीन महिने कार्तिक संपताना भरतात. मध्ये गणपती येतात, नवरात्र येतं, बाळाची पहिली दिवाळी येते, आई माहेरी असते. "दिवाळी होऊन जाऊ द्या, मग नेऊ" म्हणता म्हणता सहा महिने निघून गेलेली बाळं मी पाहिली आहेत. जन्मतारखेपासून तीन महिने मोजा आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवा.

एमआरआय, नसेचा करंट टेस्ट हे लगेच करायचं का?

निदान मुख्यतः हाताने तपासूनच होतं. तज्ज्ञ हाताच्या पंधरा हालचाली पाहून प्रत्येकीला ० ते ७ गुण देतात आणि दर भेटीत ते ताडून पाहतात. एका कागदावरचे हे आकडे महागड्या तपासणीहून जास्त सांगतात, असं माझं मत आहे. एमआरआय शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाल्यावर करतात. नस मुळापासून उपटली का, त्याचा अंदाज त्यात येतो. बाळाला त्यासाठी औषध देऊन झोपवावं लागतं. ईएमजी आणि एनसीव्ही या करंटच्या तपासण्या लहान बाळात कधीकधी वाजवीपेक्षा आशादायक येतात, म्हणून केवळ त्या रिपोर्टवर "सगळं ठीक आहे" असं मानून घरी बसू नका. खांद्याची सोनोग्राफी मात्र उपयोगी आणि सोपी आहे. खांद्याचा गोळा मागे सरकतोय का ते त्यात दिसतं, आणि तो पहिल्याच वर्षात सरकू शकतो.

न्हाऊ घालणारी बाई मालीश करते. चालेल का? शेक द्यायचा का?

आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी सव्वा महिना न्हाऊ घालणारी बाई येते. पायावर बाळाला घेऊन तेल चोळणं, टाळू भरणं, मग दोन्ही हात छातीवर फुली करून ओढणं, एक हात आणि विरुद्ध पाय धरून ताणणं, शेवटी कधी पाय धरून उलटं करणं, हे सगळं ती वर्षानुवर्षं मायेने करत आलेली असते. "हात बसून जाईल, जरा ओढून देते" हेही ती मनापासूनच म्हणते.

दुखावलेल्या हाताला हे चालत नाही. नस ओढल्यानेच दुखावली आहे, तिला पुन्हा ताण नको. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत तर हात शांत ठेवायचा असतो. त्यानंतरही हाताला हलकं तेल लावायला हरकत नाही, पण ओढणं, झटकणं, काखेत धरून उचलणं, हात धरून लटकवणं हे कधीच नाही. फुली करून ओढण्यात तर खांदा आतल्या बाजूला वळतो, आणि नेमकं तेच आपल्याला टाळायचं असतं.

बाईला काढून टाकू नका. तिला सोबत घेऊन फिजिओथेरपिस्टकडे या. तिच्या हातांना बाळ कसं धरायचं याची जाण कोणाहीपेक्षा जास्त असते. एकदा कारण समजलं की व्यायाम ती उत्तम करते, आणि शेजारच्या घरच्या बाळातही हात लुळा दिसला तर पहिली तीच सांगते.

शेगडीच्या शेकाबाबत मात्र कडक राहा. या हाताची संवेदना कमी असू शकते. चटका बसला तरी बाळ हात मागे घेणार नाही, रडणारही नाही. निखाऱ्यांची शेगडी, गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेलं फडकं, काहीही त्या हाताला लावू नका. अंघोळीचं पाणी आपल्या कोपराने बघून घ्या. नागपूरच्या मे महिन्यात तापलेल्या गाडीच्या सीटचं बक्कलसुद्धा चटका देतं, तिकडेही लक्ष असू द्या.

घरी कोणते व्यायाम करायचे?

व्यायाम प्रत्यक्ष शिकल्याशिवाय सुरू करू नका. हाड मोडलेलं असेल तर ते जुळेपर्यंत थांबावं लागतं. इथे लिहितेय ते शिकलेलं आठवावं म्हणून.

हेतू नस वाढवणं हा नाही. व्यायामाने नस लवकर वाढत नाही. नस येईपर्यंत सांधे मोकळे ठेवणं, खांदा आखडू न देणं आणि "हा हात आपला आहे" हे बाळाच्या ध्यानात ठेवणं, यासाठी ते करायचे असतात.

खांदा बाहेर वळवण्याचा व्यायाम सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच चुकतो. बाळाला पाठीवर झोपवा. दंड अंगाला लावून ठेवा, कोपर काटकोनात वळवा. एका हाताने दंड अंगाशी स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने बाळाचं मनगटाजवळचं हाड धरून हात पोटावरून हळूहळू बाहेरच्या बाजूला, गादीकडे न्या. जिथे अडतं तिथे थांबा, मनात सावकाश दहा मोजा, परत आणा. आई बहुतेक वेळा पंजा धरून फिरवते. त्याने मनगट पिळतं, खांदा वळत नाही. दंड अंगापासून सुटला तरी तेच. म्हणून मी आईला आधी माझ्या हातावर करून दाखवायला लावते, मग बाळावर.

हात डोक्याकडे वर नेताना पाठीमागचं खांद्याचं पातं तळव्याने दाबून ठेवायचं, नाहीतर पातंच वर सरकतं आणि सांधा तसाच आखडलेला राहतो. याशिवाय तळवा उताणा करणं, कोपर पूर्ण सरळ आणि पूर्ण वळवणं, मनगट आणि बोटं उघडणं हे आहेच.

वेळ वेगळा काढायला जाल तर होणार नाही. लंगोट बदलताना करा, म्हणजे दिवसात आपोआप पुष्कळदा होतं. बाळ पोटभर असावं, पण नुकतंच पाजलेलं नको. बाळ रडून हात आवळू लागलं तर थांबा, जोर करू नका. काही हालचालींत कुरकुर करणं आणि दुखून किंचाळणं यातला फरक आईला आठवडाभरात कळतो.

खांदा बाहेर पूर्वीइतका वळत नाहीये, काखेत त्या बाजूला जास्तीची घडी दिसतेय किंवा तो हात आखूड वाटतोय, यातलं काहीही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.

उचलताना, कपडे घालताना, पाजताना काय सांभाळायचं?

कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. डोक्यातून घालायच्या टी-शर्टपेक्षा समोरून बंदाचं आपलं जुनं झबलं केव्हाही बरं. उचलताना एक हात मानेखाली, एक कुल्ल्यांखाली, आणि तो हात बाळाच्या पोटावर घेऊन. पाजताना तो हात आईच्या पाठीमागे अडकू देऊ नका, समोर घ्या, म्हणजे बाळाला दिसेल. दुपट्यात गुंडाळताना हात लटकता ठेवू नका, पण दिवसभर छातीला बांधूनही ठेवू नका. जागेपणी थोडा वेळ पोटावर झोपवा, छातीखाली छोटी गुंडाळी देऊन. खेळणं त्या हाताच्या बाजूला धरा, खुळखुळा त्या मनगटाला बांधा. बाळ त्या हाताची बोटं सारखी चावत असेल तर त्वचा तपासत राहा, कारण त्याला दुखत नसतं.

स्प्लिंट किंवा करंटची मशीन लागते का?

मनगट लटकत असेल तर रात्री छोटा स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, देतात. खांदा बाहेर वळलेल्या स्थितीत ठेवायचे पट्टेही काही ठिकाणी वापरतात. उन्हाळ्यात त्याखाली घाम येऊन पुरळ उठतं, तेव्हा आत मऊ सुती कापड आणि मधूनमधून काढून हवा. करंटच्या मशीनने नस वाढते याचा भक्कम पुरावा नाही. कोणी फक्त मशीन लावून, व्यायाम न शिकवता महिनोन्‌महिने बोलवत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

शस्त्रक्रियेत काय करतात? एवढ्याशा बाळाला झेपेल का?

दोन मार्ग आहेत. एकात मानेजवळ नसेवर झालेली गाठ काढतात आणि मधल्या रिकाम्या जागेत पोटरीतली एक संवेदनेची नस तुकडे करून जोडतात. पोटरीतली नस काढल्याने चालण्यावर परिणाम होत नाही, पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडा बधिरपणा राहू शकतो. दुसऱ्या मार्गात शेजारची चालू नस, किंवा तिचा एक भाग, बंद पडलेल्या स्नायूकडे वळवतात. खांद्यासाठी मानेतल्या स्नायूची नस वापरतात, कोपरासाठी हाताच्या नसेतला एक धागा किंवा बरगड्यांमधल्या नसा. बऱ्याचदा दोन्ही मार्ग एकत्र वापरले जातात.

शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली होते आणि कित्येक तास चालते. अनुभवी बालभूलतज्ज्ञ असतील तर बाळं ती चांगली सोसतात. नंतर साधारण तीन आठवडे मान आणि हात स्थिर ठेवतात. मग पुन्हा फिजिओथेरपी.

यापुढची परीक्षा धीराची असते. टाके निघाल्यावर हात तसाच लुळा दिसतो आणि घरचे म्हणतात, ऑपरेशन फुकट गेलं. फुकट गेलेलं नसतं. नस जोडापासून स्नायूपर्यंत वाढत जायला महिने लागतात. कोपराची पहिली हालचाल दिसायला सहा महिने किंवा जास्त, आणि पंजापर्यंत पोचायला दोन-तीन वर्षंही लागू शकतात. पूर्ण दुसऱ्या हातासारखा हात होईल असं वचन कोणीही देऊ नये, आणि कोणी दिलं तर सावध राहा.

आमचं मूल दोन-तीन वर्षांचं झालं. आता काही होणार नाही का?

नसेच्या शस्त्रक्रियेची वेळ गेली असली तरी बरंच करता येतं. आत ओढणाऱ्या स्नायूंत बोटॉक्स देऊन त्यांना सैल करतात आणि काही आठवडे प्लास्टर ठेवतात. आखडलेले स्नायू सोडवतात. पाठीकडचा एखादा सशक्त स्नायू खांद्याच्या मागच्या बाजूला वळवून जोडतात, म्हणजे हात बाहेर वळतो आणि वर जातो. मूल मोठं असेल आणि सांध्याचा आकार बदललेला असेल तर दंडाचं हाड कापून वळवून बसवतात. डोक्याला हात पोचणं, वेणी घालता येणं, घास तोंडाशी नेताना कोपर बाहेर न जाणं, अशा कामाच्या गोष्टी त्यातून साधतात. खांद्याचा सांधा जितका कमी बिघडलेला तितकं फळ चांगलं, म्हणून इथेही टाळाटाळ नको.

नागपुरात कुठे दाखवायचं? खर्चाचं काय?

डागा स्त्री रुग्णालयात किंवा खासगीत बाळंतपण झालं असेल तर सुट्टी होण्याआधीच बालरोगतज्ज्ञांकडून डिस्चार्ज कार्डावर हाताची नोंद करून घ्या. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथे बालरोग आणि अस्थिरोग विभाग आहेत, तिथून फिजिओथेरपीलाही पाठवलं जातं. गावी असाल तर आशाताई बाळ बघायला घरी येतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्यांच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. त्यांना हात उघडून दाखवा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नाव द्यायला सांगा.

व्यायाम आणि पाठपुरावा जवळच होऊ शकतो, पण नसेची शस्त्रक्रिया प्रत्येक शल्यचिकित्सक करत नाही. स्पष्ट विचारा: "तुम्ही लहान बाळांच्या ब्रेकियल प्लेक्ससची शस्त्रक्रिया स्वतः करता का? किती केल्या आहेत?" चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न लागत नाही. उत्तर नाही असेल तर कोणाकडे पाठवाल ते विचारा. त्यासाठी मुंबई-पुण्याला जावं लागलं तरी ती एक फेरी बाळाच्या जन्मभराच्या हातासाठी आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण तुमच्या बाळाची नेमकी शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी पक्कं करून घ्या. रेशन कार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला सोबत ठेवा. जन्मदाखल्याला उशीर केल्याने इथे खूप जण अडतात.

लसी द्यायच्या का?

सगळ्या, वेळेवर. बीसीजी दंडाच्या त्वचेत देतात, ती नसांपर्यंत जात नाही. पेंटाव्हॅलंट मांडीत देतात. हात लुळा आहे हे परिचारिकेला सांगा, म्हणजे बाळाला धरताना तो हात ओढला जाणार नाही.

मूल पुढे शाळेत, खेळात मागे पडेल का?

रांगायला उशीर होतो, काही मुलं रांगत नाहीत, बसल्या-बसल्या सरकतात आणि मग थेट चालतात. हात थोडा बारीक आणि किंचित आखूड राहू शकतो. लिहायला मूल चांगला हात निवडतं, त्याला जबरदस्तीने दुसऱ्या हाताने लिहायला लावू नका. पण दोन्ही हात लागतील अशी कामं मुद्दाम द्या: पोळीचा गोळा मळणं, पतंगाचा मांजा नाही पण फिरकी धरणं, पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी आणणं, पोहणं. नातेवाइकांसमोर "हात वर करून दाखव" असा खेळ लावू नका. पाच-सहा वर्षांचं मूल त्याने हात लपवायला शिकतं आणि पूर्ण बाह्यांचे कपडे मागू लागतं.

कमतरता कायम राहिली तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असावं लागतं.

पुढच्या बाळंतपणात पुन्हा असं होईल का?

होईलच असं नाही, पण धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना सांगा की आधीच्या बाळाचा खांदा अडकला होता आणि हाताला इजा झाली होती. गरोदरपणातल्या साखरेची तपासणी वेळेवर करा आणि साखर निघाली तर ती आटोक्यात ठेवा. शेवटच्या महिन्यात सोनोग्राफीत वजनाचा अंदाज घेतात. तो अंदाज चुकू शकतो, त्यामुळे नॉर्मल की सिझर हे एकट्या त्या आकड्यावर न ठरवता मागचा सगळा इतिहास पाहून डॉक्टरांसोबत ठरवा. बाळंतपण अशा ठिकाणी करा जिथे रात्रीही सिझरची सोय आणि बालरोगतज्ज्ञ हजर असतात. पहिल्या बाळाचं डिस्चार्ज कार्ड फाइलमध्ये सगळ्यात वर लावून न्या.